दोन बोटांचा नियम

माझ्या जिभेमुळे मला ते काम मिळालं, असा माझा समज होता.

आमच्या घोडेस्वारी मंडळाच्या बैठकीत माझं नाव माझ्या धाकट्या भावानंच सुचवलं. "आमच्या ताईपेक्षा कडक माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. माझी बोलणी खाल्ली नाहीत असा स्वार त्या खोलीत औषधालाही नव्हता. सेक्रेटरींनी तर टेबलावर थाप मारली. "ताईंचा हात लागला म्हणजे प्रश्नच मिटला!" माझ्या हाताचा इथे काय संबंध, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण स्तुती चालू असताना प्रश्न कोण विचारतो?

बैठक तातडीनं बोलावली होती ती एका व्हिडिओमुळे. आदल्या स्पर्धेत कुणा प्रेक्षकानं सरावाच्या मैदानाकडे मोबाइल धरला होता. त्यात एक तपकिरी घोडा गोल गोल फिरतोय. हनुवटी छातीला चिकटलेली, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेचा जो तुकडा बाहेर आलाय तो निळा. स्वाराचा चेहरा दिसत नाही, फक्त चकचकीत बूट दिसतात. घोडा दुसऱ्या पागेतला होता, म्हणून मी त्या स्वाराला तोंडभर शिव्या घातल्या.

आमच्या खेळाचं नाव ड्रेसाज. वाळूच्या चौकोनी मैदानात घोड्याकडून चाली करून घ्यायच्या: वळसे, आडव्या पावलांनी सरकणं, जागच्या जागी दुडकी. आणि हे असं करायचं की बघणाऱ्याला वाटावं, स्वार नुसता बसलाय. कडेला बसलेले परीक्षक मार्क देतात. नियमांच्या पुस्तकात लिहिलंय की मान कमानदार असावी आणि नाक कपाळाच्या थोडं पुढे असावं. पुस्तकात काय, पुष्कळ लिहिलेलं असतं. सरावाला बरेच जण लगाम खेचून घोड्याची हनुवटी पार छातीला लावतात आणि तसंच त्याला फिरवत राहतात. त्यानं म्हणे पाठ उचलते, पाय उंच पडतात, घोडा 'हातात येतो'. तेवढा वेळ घोड्याला समोरचं काही दिसत नाही. त्याला स्वतःचे गुडघे दिसतात.

शिवाय तोंडात लोखंडी कडी असते. ती जिभेवर दाबली की घोडा तोंड उघडून सुटका करून घ्यायला बघतो, आणि उघडं तोंड परीक्षकांना चालत नाही. म्हणून नाकावरून चामडी पट्टा घेऊन जबडा आवळतात. माणसांत नाक दाबलं की तोंड उघडतं. आमच्याकडे नाक दाबलं की तोंड मिटतं.

यावरून आमच्या जगात दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. एक म्हणतो हा छळ आहे. दुसरा म्हणतो हा व्यायाम आहे, तुम्ही नाही का वाकून पायाचे अंगठे धरत? मी धरते की अंगठे. पण माझ्या मानेवर बसून कुणी मला धरायला लावत नाही.

आमच्या घरात दोन्ही तट एकाच ताटावर जेवायला बसायचे. वडील, म्हणजे अप्पा, जुन्या वळणाचे. घोड्याला पुढचं दिसू द्या, तो तुम्हाला पुढे नेईल, हे त्यांचं वाक्य पागेतल्या चिमण्यांनाही पाठ होतं. माझा भाऊ बाहेर कुठल्या मोठ्या शिक्षकाकडे राहून शिकून आला आणि येताना वेगळेच हात घेऊन आला. बाहेरचे त्याला 'कोच सर' म्हणतात, मी बाळ्या म्हणते. "अप्पांचे घोडे सुखी असतात," तो म्हणायचा, "आणि शेवटून पहिले येतात." अप्पा ताटावरून उठून जायचे. आता अप्पा नाहीत आणि पागेच्या भिंतीवर बाळ्याच्या शिष्यांची पदकं आहेत.

तर बैठकीत नियम झाला. सरावाच्या मैदानावर निरीक्षक उभे राहतील. हनुवटी छातीला लावून फिरवणाऱ्याला थांबवतील. आणि प्रत्येक घोड्याच्या नाकाच्या हाडावर पट्ट्याखालून दोन बोटं घालून बघतील. बोटं गेली तर पट्टा ठीक, नाही गेली तर सैल करायचा. घरच्या घोड्याला घरचीच निरीक्षक कशी, असं कुणी विचारलं नाही. आमचा खेळ एवढासा आहे की परका माणूस हवा म्हटलं तर परगावाहून आणावा लागेल.

पहिल्या दिवशी सकाळी बाळ्यानं मला नवे हातमोजे दिले. दर वाढदिवसाला तोच देतो. माझं माप दुकानात मोठ्यांच्या कपाटात मिळत नाही, मुलांच्या कपाटातून घ्यावं लागतं, म्हणून मनगटावर हमखास एखाद्या शिंगराचं चित्र असतं. लहानपणी तो मला 'चिमटी' म्हणायचा. कपाटामागे काही पडलं, मोरीच्या जाळीत काही अडकलं की घरभर हाक: चिमटीला बोलवा! त्या आठवणीनं मी त्याच्या गालाला हात लावला. एवढा मोठा झाला तरी तो लाजला.

आता शेठबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्याची आहे.

शेठ आमच्याच पागेत जन्मला. त्याची आई बाळंतपणात गेली आणि मी त्याला दाण्याच्या खोलीत बाटलीनं दूध पाजून वाढवला. तेव्हा मी पागेवरच राहत होते, गुडघे शाबूत होते. पागेच्या मागच्या अंगणाला छातीएवढी भिंत आहे आणि पलीकडे रस्ता. शिंगरू वाढून भिंतीला पुरं पडलं तेव्हा त्याला रस्त्याचा शोध लागला. मग काय विचारता! लांबून गाडीचा आवाज आला की हातातलं, म्हणजे तोंडातलं, सगळं टाकून हा भिंतीशी हजर. हनुवटी भिंतीवर टेकायची, कान पुढे, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचं. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारासारखा दिसायचा, म्हणून शेठ. मोठ्या ट्रकवर त्याचा विशेष जीव. खाता खाता रस्ता बघता यावा म्हणून मी त्याची बादली भिंतीच्या वरच्या खुंटीला टांगायला लागले. बाळ्या म्हणाला, "त्याला वर्तमानपत्रपण लाव." भिंतीच्या माथ्याचा चुना त्या जागी त्याच्या हनुवटीनं घासून गुळगुळीत झाला होता.

पुढे माझे गुडघे गेले, मी जिना नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि शेठ बाळ्याच्या हाताखाली गेला. चांगला निघाला. दोन वर्षांमागे बाळ्यानं त्याच्यावर आपल्या मुलीला बसवलं. तिला घरात सगळे बबडी म्हणतात. शाळा संपल्यावर पोरीनं दुसरं काही केलंच नाही, डोळ्यांपुढे एकच होतं: देशाच्या संघात निवड. मला फोन करून सांगायची, "आत्या, तो इतका हलका आहे ना, हातात वजनच लागत नाही." मला अभिमान वाटायचा. घोडा कडीपासून पळ काढत असला तरी हातात वजन लागत नाही, हे मला माहीत होतं. पण आपला तो बाब्या.

हंगाम सुरू झाला आणि मी मैदान डोक्यावर घेतलं. "ए, तुझ्या घोड्याला गुडघे मोजायला बसवलंस का? सोड ती मान!" असं ओरडले की समोरचे हात आपोआप पुढे जायचे. नंतर नंतर मी फाटकात दिसले तरी पुरायचं. पट्टे तर एकाचेही घट्ट सापडले नाहीत. बोटं घातली की सुळकन आत. मला वाटलं, काय धाक आहे आपला!

माझ्यासारखाच एक निरीक्षक दुसऱ्या फाटकाशी असायचा. अंगानं दांडगा, हात फावड्याएवढे, सगळे त्याला पैलवान म्हणत. स्वभावानं गरीब. पण त्याच्याकडे एकही घोडा जात नसे. स्वार त्याच्यासमोरून वळसा घालून माझ्या रांगेत येऊन उभे राहायचे. "ताई, तुम्हीच बघा." पैलवान बिचारा खुर्चीत बसून शेंगा सोलायचा. मला त्याची दया यायची. माणसाला बोलता आलं पाहिजे, मी मनात म्हणायचे.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी आमची नवी डॉक्टर सरावाच्या मैदानावर आली. घोड्यांचीच डॉक्टर, नुकतीच रुजू झालेली. तिच्या हातात प्लास्टिकची एक चपटी पाचर होती आणि पाचरीवर एक रेघ. "ताई, मी फक्त बघायला आलेय," ती म्हणाली. "ही पाचर रेघेपर्यंत आत गेली म्हणजे मोठ्या माणसाची दोन बोटं गेली असं धरतात. तुमचं झालं की मी लावून बघते."

समोर शेठच होता, वर बबडी. मी पट्ट्याखाली बोटं घातली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली. "ठीक," मी म्हणाले. मग डॉक्टरनं पाचर लावली. टोक आत शिरलं आणि तिथेच थांबलं. तिनं जरा जोर दिला तर शेठचे डोळे मिटले.

"तुमची बोटं नक्की गेली?"

"तुझ्यासमोर गेली ना."

"जरा हात दाखवता?"

मी हातमोजा काढला. तिनं माझी दोन बोटं जुळवून पाचरीवर ठेवली. रेघ कुठल्या कुठे राहिली होती. खाली पडलेला हातमोजा तिनं उचलून माझ्या हातात दिला, शिंगराचं चित्र वर करून.

माझ्या कानात एकदम ते हसणं आलं. बैठकीतलं. आणि सेक्रेटरींची टेबलावरची थाप.

बाळ्या खोगिरांच्या खोलीत होता. तिथे साबणाचा आणि चामड्याचा वास येतो, अप्पांचा वास तोच होता. तो शेठचा दुसरा लगाम पुसत बसला होता. मी दार लावून घेतलं.

"बाळ्या, निरीक्षक म्हणून मलाच का सुचवलंस?"

"तू कडक आहेस म्हणून."

"खरं बोल."

तो पुसत राहिला. कडी पुसली, बकल पुसलं, मग फडका घडी करून ठेवला. "मी एकट्यानं नाही ठरवलं, ताई. सगळ्यांनाच सुचलं होतं. मी फक्त बोललो."

"सगळ्यांना! म्हणजे तो सेक्रेटरी, ती सगळी पोरं, जी मला 'ताई तुम्हीच बघा' म्हणत होती..."

"तू मनापासून काम करत होतीस. त्यात तुझं काय चुकलं?"

त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. कुंपणानं शेत खाल्लं आणि कुंपणाला पत्ता नव्हता. हंगामभर मी तिथे छाती काढून उभी होते आणि लोक माझ्या बोटांवर हसत होते. मला रडू आलं, ते रागानं आलं, आणि ते त्याला दिसलं याचा आणखी राग आला.

"उद्या पट्टा सैल कर," मी म्हणाले.

"उद्या निवड आहे."

"म्हणून तर."

"सैल केला की तो तोंड उघडतो. तोंड उघडलं की मार्क गेले. बबडीची दोन वर्षं गेली."

"तो तोंड का उघडतो, बाळ्या?"

यावर त्याचा आवाज चढला. "मला घोडा आवडत नाही असं वाटतं तुला? त्याच्या पायाला सूज आली तेव्हा पागेत कोण झोपलं? तू? तू फ्लॅटमध्ये होतीस. अप्पा पुस्तकाप्रमाणे चालले, काय मिळालं? परीक्षक पुस्तक वाचतात एक आणि मार्क देतात दुसऱ्यालाच. मान वाकलेली हवी, पाय उंच हवेत. त्यांना हवं ते मी देतो. मला काय धरतेस, त्यांना धर ना! मी एकट्यानं सोडलं तर काय, बाकीचे सोडणारेत?"

त्यातलं अर्धं खरं होतं, हीच पंचाईत होती. परीक्षक खरंच तसे मार्क देतात. मी बसून टाळ्या वाजवल्यात.

"उद्याचा दिवस गप्प बस," तो हळू आवाजात म्हणाला. "निवड झाली की मी पट्टा सैल करतो. अप्पांची शपथ."

"अप्पांना यात आणू नकोस," मी म्हणाले आणि दार उघडून बाहेर पडले.

रात्रभर मी स्वतःलाच समजावत होते. एक दिवसानं काय होणार? पोरीचं वाटोळं आत्यानं करायचं? आणि मग शेठचे मिटलेले डोळे दिसायचे. घोडा ओरडत नाही. कुत्रा केकाटतो, घोडा डोळे मिटतो. त्याचा हा एवढाच दोष की त्याला गप्प सोसता येतं. सकाळ झाली तेव्हा माझं ठरलं होतं. मला एकच हवं होतं: शेठची मान मोकळी व्हावी आणि त्यानं डोकं वर करावं. बाकी जे व्हायचं ते होवो, घोडामैदान जवळच होतं.

सकाळी माझ्यासमोर नेहमीची रांग लागली. मी हातमोजे काढून खिशात घातले. "आज पाचर लावणार," मी म्हणाले.

सेक्रेटरी धावत आले. "ताई, असं कसं? नियमात पाचर नाही. नियमात दोन बोटं लिहिलंय. हरकत घेतील लोक."

"बरोबर. बोटंच लिहिलंय." मी दुसऱ्या फाटकाकडे वळले. "पैलवान! शेंगा ठेवा आणि इकडे या. कुणाची बोटं ते नियमात लिहिलेलं नाही."

पैलवान उठला. हंगामात पहिल्यांदा मी त्याला घाईनं चालताना पाहिलं. त्यानं पहिल्या घोड्याच्या पट्ट्याखाली बोट घालायचा प्रयत्न केला, दोन नव्हे, एक. गेलं नाही. दुसऱ्याच्या नाही. तिसऱ्याच्या नाही. रांगेत आधी कुजबुज झाली, मग आरडाओरडा. कुणी म्हणालं ताईंचं डोकं फिरलं, कुणी म्हणालं भावाशी भांडण झालंय, त्याचा सूड आमच्यावर. दोघांनी घोडे परत नेले. बाकीच्यांचे पट्टे भोकाभोकानं सैल होत गेले. ज्यांचे झाले त्यातल्या एका घोड्यानं अशी लांब जांभई दिली की पैलवानालाही जांभई आली.

मग शेठ आला. बबडीनं दोराच्या पलीकडे उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. बाळ्या जमिनीकडे बघत होता.

शेठचं बकल मी स्वतः काढलं. एक भोक, आणखी एक, आणखी एक, तोवर पैलवानाची बोटं आत गेली. पट्टा होता तिथे नाकावर खाच होती आणि खाचेतले केस पांढरे झाले होते. मी त्यावरून अंगठा फिरवला. शेठनं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, अजून कळलं नसेल त्याला.

"बबडे, आता लगाम सोड."

"आत्या, सगळा?"

"सगळा. मानेवर ठेवून दे आणि नुसती चालव."

अप्पा प्रत्येक नव्या घोड्याची पारख अशीच करायचे. लगाम सोडला की घोडा मान लांब करतो, नाक पुढे काढतो, फुरफुरतो, इकडेतिकडे बघतो. मी फाटकाला धरून उभी राहिले. बबडीनं हात उचलले. लगाम शेठच्या मानेवर लोळला.

शेठ चालत राहिला. हनुवटी छातीलाच. कुणी ओढत नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं, आणि तो मान वाकवून, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत, वाळूतून गोल फिरत होता. एक फेरी झाली. मी त्याला हाक मारली. कान माझ्याकडे वळले, डोकं नाही. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं, आणि मला वाटलं की आता तरी सगळ्यांना दिसलं.

त्यांना दिसलं. पण काय दिसलं ते ऐका.

बबडीचा नंबर आला. सैल पट्टा, जवळजवळ सैल लगाम, आणि शेठनं प्रत्येक चाल बिनचूक केली. तोंड मिटलेलं. मान वाकलेली. जागच्या जागी दुडकीला पाय असे पडले की प्रेक्षकांतून आवाज उठला. बाकीच्या घोड्यांनी नव्यानं मोकळ्या झालेल्या तोंडांनी नुसता गोंधळ घातला होता. त्यांनी जीभ काढली, डोकी उडवली, लगामाशी भांडले. ते जिवंत होते, त्यांचे मार्क गेले. शेठ पहिला आला.

मुख्य परीक्षकांनी माइक घेतला. नाक थोडं मागे आहे, तेवढे मार्क कापले, असं आधी सांगितलं आणि मग म्हणाले, "पण आज आपण सर्वांनी पाहिलं. पट्टा सैल, लगाम सैल, आणि घोडा स्वतःच्या खुशीनं मान वाकवतो. याला म्हणतात विश्वास." टाळ्या झाल्या. सेक्रेटरी माझा हात धरून मला घोड्याजवळ घेऊन गेले. "ताई, तुमच्यामुळे मंडळाची अब्रू राहिली. आता कोण म्हणतं आमच्याकडे छळ होतो?" फोटोसाठी मला शेठच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून उभं केलं. मी उभी राहिले. मी का उभी राहिले, हे मला अजून सांगता येत नाही.

बाळ्या मात्र फोटोत आला नाही. निकाल लागल्यावर उड्या मारणारा माणूस, घोडे न्यायच्या गाडीची दारं उगाच उघडत आणि लावत होता.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर पागेवर गेले. ऊन भिंतीवरून उतरत होतं. मी शेठच्या तोंडातली कडी काढली, पट्टा काढला, नुसती दोरी ठेवली आणि त्याला मागच्या अंगणात भिंतीशी नेऊन उभा केला. चुन्यावरची ती गुळगुळीत जागा होती तिथेच, पण तिच्यावर आता धूळ बसली होती. वरची खुंटी गंजली होती. बबडी जिंकलेली फीत गळ्यात घालून आमच्यामागे आली.

लांबून ट्रकचा आवाज आला. मोठा ट्रक, त्याच्या आवडीचा. शेठचे कान ताठ झाले. आवाज जवळ आला तसे ते वळत गेले, आणि त्याचा डोळा वर फिरला, इतका वर की खालचं पांढरं दिसलं. मानेचा स्नायू एकदा थरथरला. डोकं होतं तिथेच राहिलं, विटांसमोर. ट्रक भिंतीपलीकडून धडधडत गेला, वळणाआड गेला, आणि शेठचे कान शेवटपर्यंत त्याच्या मागे गेले.

"हा इथे नेहमी असाच उभा राहतो," बबडी म्हणाली. "मोकळा सोडला की इथेच येतो आणि भिंतीकडे बघत बसतो. मला वाटायचं त्याला भिंत आवडते."

मी तिला सांगितलं. बाटलीचं दूध, गुळगुळीत चुना, ट्रक, खुंटीची बादली, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा हात गळ्यातल्या फितीवर होता. मध्येच तिनं ती काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून नुसती धरून राहिली.

तेवढ्यात बाळ्या बादली घेऊन आला. त्यानं खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खाली बसला आणि बादली जमिनीवर, शेठच्या पुढच्या पायांशी अगदी जवळ सरकवून ठेवली, रोज ठेवणाऱ्याच्या हातानं. शेठ खाऊ लागला.

"बादली खाली कधीपासून ठेवतोस?" मी विचारलं.

तो शेठच्या नाकावरच्या पांढऱ्या केसांना हात लावून म्हणाला, "दोन हिवाळे झाले. वर टांगली की खाईना. मला वाटलं, दात दुखत असतील."

"दात दाखवलेस?"

"दाखवले."

"मग?"

"दात चांगले आहेत," बाळ्या म्हणाला, आणि बबडीकडे न बघता बादली आणखी थोडी आत सरकवली.